पाखरांचं शिंकं

एका गावात टोपल्या विणणारी एक बाई राहत होती. सगळे तिला आक्का म्हणत. घरात ती एकटीच, पण परसात मात्र रोज बाजार भरलेला. चिमण्या, साळुंक्या, भांडखोर सातभाई आणि एक दयाळ पक्षी. हा दयाळ सकाळी शेवग्यावर बसून शीळ घाली आणि आक्काच्या हातातली बांबूची कामटी आपोआप ताल धरी. त्या शिळेशिवाय तिचा दिवस सुरूच होत नसे. याच परसात आळीतली चार मांजरंही लोळत पडत. त्यांची म्होरकी होती तांबी.

आक्का मनाची मऊ. पाखरांचं पाणी गार राहावं म्हणून तिनं मातीचं परळ जास्वंदीच्या दाट कुंपणाच्या सावलीत ठेवलं होतं. कण्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्याही तिथंच टाकायची. पाखरं मान खाली घालून पाणी पीत आणि जास्वंदीआडून तांबी त्यांच्याकडे बघत बसे. नुसती बघतच बसे असं नाही, हे सांगायला नकोच.

आठवड्याला एखादी चिमणी कमी होई. आक्का हळहळायची, तांबीला चार शिव्या हासडायची आणि परळ पुन्हा तिथंच भरून ठेवायची. मग एके सकाळी मोठी झटापट झाली. दयाळ कसाबसा सुटला, पण त्याची शेपटी तांबीच्या तोंडात राहिली. दुसऱ्या दिवशी शीळ आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. आक्काला घर खायला उठलं.

बातमी कळताच शेजारचा माळी पोतं घेऊन हजर झाला. "आक्का, पाखरं गेली की माझी वांगी अळ्यांच्या घशात गेली म्हणून समजा. ही मांजरं पोत्यात भरतो नि नदीपलीकडं सोडून येतो."

त्याच्या मागोमाग वाणी धावत आला. "आणि माझ्या दुकानातले उंदीर काय भजन करणार? आक्का, तुम्ही पाखरांना बोलावणंच बंद करा. पाणी नाही तर पाखरू नाही, नि पाखरू नाही तर तंटा नाही."

दोघं हमरीतुमरीवर आले. आक्काला मात्र ती तुटलेली पिसंच दिसत होती. तिनं मन घट्ट केलं आणि माळ्याला म्हणाली, "पोतं ठेवून जा. तांबी माझ्याशिवाय कुणाच्या हाती लागायची नाही. उन्हं उतरली की या न्यायला."

तांबीला दुधाची लालूच दाखवायची म्हणून आक्का स्वयंपाकघरात गेली. दूध नेहमीप्रमाणं आढ्याला टांगलेल्या शिंक्यात होतं. आणि शिंक्याखाली तांबी बसली होती, मान वर करून, डोळे भांड्याला लावून.

आक्काचा हात तिथंच थांबला. चार वर्षं ही मांजर याच जागी बसत होती आणि चार वर्षांत तिला दुधाचा थेंब मिळाला नव्हता. ती काही उपास करत नव्हती. शिंकं उंच होतं, एवढंच.

"अगं बाई," आक्का पुटपुटली, "माझ्या दुधाला शिंकं, आणि पाखरांच्या पाण्याला भुई? वर शिव्या खायच्या तांबीनं." तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं पोत्याची घडी घातली आणि कोयता उचलला. परसाच्या मधोमध, कुंपणापासून लांब आणि शेवग्यापासूनही लांब, एक उंच गुळगुळीत बांबू रोवला. टोकाला आडवी काठी बांधली. काठीला दोन शिंकी टांगली, एकात पाण्याचं परळ, दुसऱ्यात कण्यांची परडी. आणि खाली, डोक्याइतक्या उंचीवर, बांबूभोवती एक मोठी टोपली उपडी करून घट्ट बसवली.

उन्हं उतरली तसा माळी आला, वाणी आला आणि त्यांच्यामागून अर्धी आळी. माळी हसला. "टोपली वाळत घातलीय होय? मांजर आहे ते आक्का, भिंत चढतं."

"चढू दे की," आक्का म्हणाली. "परळाला पंजा लागला तर पोतं मीच भरून देते. नाही लागला तर दोघांनीही माझ्या परसाचा कारभार सोडायचा."

तांबी सरसर बांबूवर चढली. टोपलीत डोकं आपटलं, घसरत खाली आली. पुन्हा चढली, पुन्हा आपटली. तिसऱ्या वेळी कुंपणावरून झेप घेतली आणि अर्ध्या वाटेतच धप्पकन चिखलात पडली. मग पंजा चाटत, आपल्याला तसलं काही नकोच होतं अशा तोऱ्यात ती थेट वाण्याच्या दुकानाकडे चालू लागली. सगळी आळी पोट धरून हसली.

हरायला नको म्हणून वाण्यानं विचारलं, "आणि शिंकं तुटलं तर?"

"मी वळलेलं?" आक्का म्हणाली. "वाट बघून बोके म्हातारे होतील."

दुसऱ्या दिवशी चिमण्या आल्या. मग सातभाई आले आणि वर बसूनही भांडलेच. पाचव्या सकाळी आडव्या काठीवर एक बिनशेपटीचा दयाळ येऊन बसला. पोटभर पाणी प्यायला आणि अशी शीळ घातली की आक्काच्या हातातली कामटी नाचू लागली. तिच्या डोळ्यांना धार लागली आणि ती पुसायचं तिनं मनावर घेतलं नाही.

माळ्याचं पोतं तिनं त्याच दिवशी परत केलं. महिन्याभरात ते पुन्हा तिच्या दारात आलं, गच्च वांग्यांनी भरून.

तात्पर्य: मांजराला मांजरपण सोडायला सांगण्यात अर्थ नाही, पाणी कुठं ठेवायचं ते मात्र आपल्या हातात असतं.