खारीचे भांडार आणि टेकडीवरचा निवाडा

ओढ्याकाठच्या एका दाट जंगलात एक खार आपल्या दोन पिल्लांसह वडाच्या ढोलीत राहत असे. त्याच जंगलात एक गवा होता, एक अस्वल होते आणि शहराच्या वेशीपर्यंत जाऊन येणारा एक कोल्हाही होता. ढोली काही खारीच्या मालकीची नव्हती, बाळांनो. जंगलातल्या प्राण्यांनी मिळून एक संस्था काढली होती, गवा तिचा अध्यक्ष होता, आणि वडाच्या ढोलीत संस्थेचे भांडार होते. खारीने खाली भांडार चालवायचे आणि वरच्या कपारीत पिल्लांना घेऊन राहायचे, असे ठरलेले. बाहेर आभाळात घार सारखी घिरट्या घालायची, म्हणून त्या कपारीवर खारीचा फार जीव.

भांडारात गल्ल्याशेजारी बिलाचे एक मशीन होते. माकडाने चारोळी नेली, सायाळीने हिरडे नेले, की खार मशीनवर टिकटिक करी. मशीन बिल काढून देई, आणि फळीवर काय किती उरले तेही दाखवी. मध संपत आला, की खार लगेच निरोप धाडी, “अस्वलभाऊ, पोळी उतरवा आता!” असे सगळे बिनबोभाट चालले होते. अडचण एवढीच, की डोंगरापलीकडच्यांना इकडचे काही कळत नसे. बिचारे पायपीट करत यायचे आणि नेमके हवे ते नसले की हात हलवत परत जायचे. ते पाहून खारच एकदा सभेत म्हणाली, “अध्यक्ष, आपली एक वेबसाइट करू या. काय आलंय, काय संपलंय, भांडार कधी उघडं असतं, सगळं लांबच्यांना घरबसल्या दिसू दे.”

कोल्ह्याचे कान टवकारले. “वेबसाइटच्या पानांवर चित्रं लावायचं, मजकूर बदलायचं झकास सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे,” तो म्हणाला. “पण खारूबाई, तुझ्या गल्ल्यावरच्या मशीनमध्ये एक सॉफ्टवेअर आधीच आहे ना? संस्थेनं दोन-दोन कशाला पोसायची? दोघांची तुलना करू. जे श्रेष्ठ ठरेल ते ठेवू, दुसरं काढून टाकू.”

“तुलना कसली करताय, कोल्होबा?” खार म्हणाली. “एक लांबच्यांशी बोलतं, दुसरं आतल्या मालावर नजर ठेवतं. उद्या मला विचाराल, शेपूट श्रेष्ठ की दात? अहो, मला दोन्ही लागतात!”

“तुला लागतात. संस्थेला काय लागतं ते संस्था ठरवेल,” कोल्हा म्हणाला, आणि गव्याने मान डोलावली.

आता त्या जंगलाची एक रीत होती. कुठल्याही दोन गोष्टींत थोर कोण हे ठरवायचे, तर दोन्ही नेऊन टेकडीवर ठेवायच्या आणि सगळ्यांनी ओढ्यापलीकडे उभे राहायचे. जी आधी डोळ्यात भरेल ती थोर. एकदा अशीच पाण्याची घागर आणि पळसाच्या फुलांची डहाळी ठेवली होती. डहाळी जिंकली, घागर फोडून टाकली, आणि त्या उन्हाळ्यात सगळे तहानेने कासावीस झाले. तरी रीत काही बदलली नाही.

झाले! टेकडीवर एका बाजूला मोठ्या पडद्यावर कोल्ह्याची वेबसाइट झळकली. हिरवीगार पाने, सोनेरी मधाचे चित्र, वर ठसठशीत नाव. दुसऱ्या बाजूला खारीचे काळेसावळे, मधाच्या बोटांनी चिकट झालेले मशीन. ओढ्यापलीकडून ते दगडासारखे दिसत होते. “कुठाय? कुठाय ते?” म्हणत माकडे खिदळली. निवाडा झाला. मशीन वारुळामागे अडगळीत गेले, आणि वेबसाइट सांभाळायची म्हणून कोल्ह्याला दर पौर्णिमेला मधाचे एक पोळे ठरले.

वेबसाइट सुंदर होती, यात शंका नाही. मधाचे चित्र तर असे, की पाहणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावे. त्याखाली लिहिले होते, ‘मध मुबलक’. लांबलांबून गिऱ्हाइके येऊ लागली. पण माल कधी सरत आला हे खारीला कळेना, आणि पानाला तर मुळीच कळेना. एके दिवशी फळीवरचा मध संपला. खार धावत कोल्ह्याकडे गेली. “कोल्होबा, ते ‘मुबलक’ खोडा आधी. मध संपलाय!”

कोल्हा पंजा चाटत म्हणाला, “‘संपला’ लिहिलं तर पानाची शोभा जाते, बाई. तू गल्ल्यावर बसणारी, तुला त्यातलं काय कळणार?”

दुसऱ्याच दिवशी डोंगरापलीकडची एक हरिणी आली. तिचे पाडस खोकून खोकून अर्धे झाले होते. “ताई, चाटणापुरता मध दे,” ती म्हणाली.

“संपला गं बाई.”

“संपला? तिकडं मुबलक लिहिलंय! या तापल्या लेकराला काट्याकुट्यांतून ओढत आणलं मी, आणि तू म्हणतेस संपला?”

हरिणी तडक गव्याकडे गेली, आणि सभा भरली. कोल्हा म्हणाला, “पानावर मध आहे, फळीवर नाही. मग गेला कुठे? खारूबाई, तुझी पिल्लं अलीकडे चांगली गुटगुटीत झालीत हं!” माकडे पुन्हा हसली. गवा गुरकावला, “उद्या सूर्य माथ्यावर यायच्या आत ढोली रिकामी कर.”

खारीने वर पाहिले. घार फिरत होती. खारीची शेपटी रागाने फुलून दुप्पट झाली. ती थेट सभेच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

“चोर म्हणता मला? लाज नाही वाटत? फळीवर काय उरलं हे सांगणारं मशीन तुम्हीच उचलून नेलंत, आणि आता मलाच विचारता मध गेला कुठे? गल्ल्याशी घटकाभर उभं राहिलात कधी तुमच्यातलं कुणी? घागर हरली तेव्हा फांदीवर बसून मीही टाळ्या पिटल्या, तेच माझं चुकलं. तेव्हाच ओरडायला हवं होतं! माझ्या पिल्लांना घारीच्या तोंडी देणार असाल तर द्या, पण आधी एक करा, अध्यक्ष. टेकडीवरून पुष्कळ निवाडे केलेत. आता भांडारात या, आणि कोल्होबांच्या पानावर बघून या हरिणीला मध काढून द्या. दिलात, तर मी या क्षणी निघाले!”

एवढीशी खार, आणि तिचा आवाज डोंगरावर आपटून परत आला. गव्याला माघार घेणे शोभेना. तो ढोलीपाशी गेला आणि जोर करून डोके आत घातले. डोके गेले, शिंगे अडकली. आता त्याला पुढेही जाता येईना, मागेही येता येईना. डोळ्यांसमोर होती फक्त मधाची फळी, चाटूनपुसून कोरडी.

बाहेरून कोल्हा खणखणीत आवाजात वाचू लागला, “आमच्या भांडारात मध मुबलक! ताजा, सुगंधी...”

“अरे गाढवा, मी फळीकडेच बघतोय!” आतून गव्याचा आवाज घुमला. “मुंगीपुरताही मध नाही इथं! शेवटचं पोळं गेलं कुणाकडे?”

अस्वल कान खाजवत म्हणाले, “गेलं कोल्होबांकडे. पौर्णिमेचं ना ते. भांडारातून उचलून मीच तर पोहोचतं केलं.”

सभेत कुणी हसले नाही. हरिणी कोल्ह्याकडे टक लावून पाहत राहिली. कोल्हा हळूच मागे सरू लागला, पण मागे अस्वल उभे होते.

गव्याने बरीच धडपड केली, पण शिंगे काही सुटेनात. शेवटी खारच पुढे झाली. आपल्या घराची चौकट तिने आपल्याच दातांनी कुरतडली आणि गव्याला सोडवले. भुसा झटकत गवा उभा राहिला. त्याने मान खाली घातली. “खारूताई, मी चुकलो. आता काय करू ते तूच सांग.”

“आधी ते पोळं आणा, पाडस खोकतंय,” खार म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता. “मग माझं मशीन आणा. वेबसाइट काढू नका, ती लांबच्यांना लागते. पण मशीनचं काम तिला सांगू नका आणि तिचं काम मशीनला सांगू नका. दोघांना एकमेकांशी जोडा. इथं बिल झालं, की तिथलं पान आपोआप बदलू दे. आणि ती टेकडीची रीत आजपासून बंद!”

कोल्ह्याने निमूटपणे पोळे आणून दिले आणि दोन्ही जोडूनही दिली, कारण अस्वल शेजारीच उभे होते. वारुळामागून मशीन आले. गल्ल्यावर मधाचे शेवटचे बिल झाले, की पानावर त्याच क्षणी ‘संपला’ असे उमटू लागले, आणि अस्वलाने नवी पोळी उतरवली, की ‘आला’. कुणाची पायपीट फुकट जाईना. डोंगरापलीकडची गिऱ्हाइके विश्वासाने येऊ लागली, येताना आपल्याकडची जंगली आवळे-बोरे भांडारात विकायला आणू लागली, आणि भांडाराला एक ढोली अपुरी पडू लागली. संस्थेने शेजारचे झाडही भांडाराला जोडले, आणि वडाची वरची कपार कायमची खारीच्या नावे करून दिली. त्या वर्षी थंडी कडाक्याची पडली, घार रोज घिरट्या घालून गेली. पण खारीची दोन्ही पिल्ले कापसाच्या उबेत, पोटभर चारोळी खाऊन, निर्धास्त झोपली.

तात्पर्य : दोन वेगळ्या कामांची साधने एकाच मापाने मोजून थोर कोण ते ठरवणे हे शहाणपण नव्हे, आणि ज्याला ती रोज वापरायची आहेत त्याला न विचारता ठरवणे, हा तर उघड अन्याय.