दूदूनं सोडलेलं पाणी

एकदा काय झालं, फार फार लांब, दोन नद्यांच्या मधल्या देशात दोन शहरं होती. एक वरचं, एक खालचं. दोन्हींना मिळून कालवा एकच. पाणी आधी वरच्या शहराला मिळायचं, मग खालच्या. आणि बरं का, तिथं शेतं माणसांची नसायचीच. शेतं देवाची. दोन शहरांचे देव दोन, आणि राजा म्हणजे आपापल्या देवाचा कारभारी. त्यामुळे भांडण झालं की दोन्ही राजे हात झटकून मोकळे. म्हणायचे, आम्ही कुठे भांडतोय, देव भांडतायत. हसू नकोस नलू, मोठी माणसं असंच बोलतात.

वरच्या शहरात दूदू नावाचा माणूस होता. कालव्याच्या दाराची लाकडी फळी उचलायची आणि पाडायची, हे त्याचं काम. उचलली की पाणी खालच्या शहराकडे जायचं, पाडली की वरच अडायचं. त्याची धाकटी बहीण अमाती खालच्या शहरात दिलेली. त्या काळी शेतं बोलायची, पण अनवाणी चालणाऱ्यालाच ऐकू यायचं. दूदू अनवाणीच फिरायचा.

मग एका वर्षी वरच्या शेतात कडेकडेनं पांढरं दिसायला लागलं. शेत म्हणालं, "दूदू, पाणी पुरे. माझ्या अंगाला मीठ फुटलंय. वर्षभर मला नुसतं पडून राहू दे."

दूदूनं राजाला सांगितलं. राजा म्हणाला, "मीठ कसलं? खालचा देव थुंकलाय आपल्या शेतावर. धुऊन काढा!" मग दुप्पट पाणी घेतलं. ते वाळलं आणि आणखी मीठ वर आलं.

दुसऱ्या वर्षी अर्धं शेत पांढरं. शेत अगदी हळू बोललं. दूदू पुन्हा राजाकडे गेला, राजानं पुन्हा पाणी वाढवलं. खाली जेमतेम चिखल पोचला. तिसऱ्या वर्षी शेत बोललंच नाही. राजानं फळी कायमची पाडायला लावली. शुद्ध वेडेपणा, दुसरं काय!

मग अमाती आली. "दादा, माझा जव जळतोय रे. पोरांना पेजसुद्धा नाही. थोडा वेळ फळी उचल."

"राजाची आज्ञा आहे, अमाती. माझी मान जाईल."

"मग माझं माहेर तुटलं म्हणायचं का?"

दूदूनं फळीला हात लावला नाही. ती पाण्याचा घोटही न घेता निघून गेली. मला त्या दूदूचा असा राग येतो! पण त्यालाही त्या दिवशी जेवण गेलं नाही, हेही खरं.

तिकडे खालच्या राजाचा धीर सुटला. त्यानं माणसं जमवली. उघड्या रानातून गेलं तर वरचे बघतील, म्हणून ती कोरड्या कालव्यातून निघाली, वाकून, भाले घेऊन. सगळ्यांत पुढे अमातीचा नवरा.

उजाडलं. दूदू म्हणाला, मान गेली तर जाऊ दे, आणि त्यानं फळी उचलली. बहिणीच्या शेताला पाणी मिळावं म्हणून उचलली, बरं का. पाणी धावत सुटलं. वळणापलीकडे कोण आहे, त्याला काय माहीत?

त्यातला एकही माणूस जिवंत वर आला नाही.

अमाती रडत काठावर धावली. दूदू लांबून ओरडत होता, "तुझ्यासाठी सोडलं गं!" पाण्याच्या आवाजात तिला ऐकूच गेलं नाही. लोक म्हणाले, तुझ्या भावानं मुद्दाम बुडवलं. तिनं ते खरं मानलं. दूदूची मानही गेली नाही; शत्रू बुडाले म्हणून राजा उलट खूश झाला. त्या वर्षी तिच्या शेतात भरघोस जव आला, पण तिच्यानं विळा हातात घेववेना.

ती पुन्हा कधी माहेरी आली नाही. तिची मुलं मात्र मोठी झाल्यावर मामाकडे आली, भाले घेऊन.

सुखानं नांदले असं मी सांगणार नाही, खोटं कशाला बोलू? ती शहरं लढतच राहिली, का लढतोय ते विसरून गेली तरी. सरका दोघं माझ्याजवळ. भाऊ-बहीण आहात, एकच पांघरूण घ्या आणि मिटा डोळे.