शिवेचा शेंदूर

खापरनाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी चिकणवाडीत होता. वीस घरांची कुंभारांची वाडी ती. नदीकाठची चिकणमाती हीच त्यांची शेती आणि हीच त्यांची भाकरी. शेजारचे शहर मात्र पसरत पसरत वाडीच्या ओढ्यापाशी येऊन ठेपले होते.

वाडीच्या शिवेवर एक दगड होता. दर अमावास्येला त्याला तेल-शेंदूर लावायचा, ही पूर्वापार चाल. आता ते काम ठकूबाईकडे होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराने दगडाचा नुसता लाल गोळा झाला होता!

नेमक्या एका अमावास्येला शहरातून मोजणीदार त्रिंबकराव गडी आणि साखळी घेऊन आले. कागदावर नाव नसेल तर सख्ख्या आईलाही ओळख विचारतील, असे गृहस्थ!

"जमीन तुमची कशावरून? कागद दाखवा, नाहीतर मातीची खाण शहराकडे जमा."

कागद कुठला? तो जुन्या आगीत केव्हाच जळाला होता. ठकूबाई म्हणाली, "सायेब, शिवंचा देव हाय की साक्षीला."

त्रिंबकराव खो खो हसले. "दगडाला तेल पाजून तुझ्याच डोक्याचा दगड झालाय, म्हातारे! आधी हाच उपटा रे!"

पहारी लागल्या. ठकूबाई रडत महाराजांकडे धावली. "म्हाराज, उद्यापासनं आमची चाकं फिरायची न्हाईत!"

महाराज म्हणाले, "माय, आज अमावास्या ना? तुझं काम राहिलंय. चल."

दोघे शिवेवर आले. दोन पहारी वाकल्या होत्या, दगड जागचा हलला नव्हता. ठकूबाईने शेंदराचे बोट टेकवले मात्र, आणि काय सांगावे! उकडलेल्या रताळ्याची साल सुटावी तसे ते सारे कवच सुटून खाली आले. आत काळाभोर दगड, त्यावर चंद्र-सूर्य आणि खाली अक्षरे. इतक्या पावसाळ्यांत एक कानाही झिजला नव्हता.

वाडीत वाचता कोणालाच येत नव्हते. महाराज म्हणाले, "त्रिंबकराव, तुम्हीच वाचा."

त्यांनी वाचले, "चंद्र-सूर्य आहेत तोवर या शिवेआतली माती कुंभारांची."

मग त्यांनी साखळी स्वतः गुंडाळली, पागोटे काढले आणि ते महाराजांच्या पायांशी वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझ्या नव्हे. तुम्ही कागद मागितलात ना? वाचता येत नसताना ज्यांनी तो इतक्या पिढ्या जपला, त्यांच्या पाया पडा."

आणि भक्तहो, त्रिंबकराव ठकूबाईपुढे वाकले! ती बिचारी ओशाळून मागे सरू लागली. "अवो सायेब, हाताला शेंदूर हाय माज्या!"

"तोच कपाळी लाव, आई," ते म्हणाले.