मागे उरलेले अन्न

एकदा एक व्यापारी वृद्ध वैद्यांचे आभार मानायला आला. वर्षापूर्वी मधुमेह आणि हृदयविकार अशा दोन व्याधींनी तो खंगला होता. वैद्यांनी पथ्य घालून दिले होते: साखर-गूळ बंद, तळण नको, लोणचे-पापड दूर, मीठ बेताचे, ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, तीही वेळेवर. आता त्याच्या चेहऱ्यावर तजेला होता.

"वैद्यबुवा, घरात मुलांसाठी रोज गोडधोड होतं, पण मी बोट लावत नाही. ताटात आलं तरी बाजूला सारतो! आज जेवायला आमच्याकडेच या."

वैद्य आपल्या तरुण शिष्येला घेऊन गेले. पंगत झाली, विडे आले, व्यापारी आणि मुले उठली. वैद्य मात्र पाटावरून हलेनात.

"काही हवंय का?"

"शेठाणीबाईंचं जेवण बघायचंय."

व्यापारी हसला. "ती जेवेल हो सावकाश. तिला कसली घाई?"

शिष्या लाजेने अर्धी झाली. "गुरुजी, उठा ना," ती कुजबुजली. "लोकांच्या बायकांची ताटं काय बघत बसायची?"

अखेर ती बाई जेवायला बसली. बसतानाही तिला धाप लागली. भाकरी-भाजी नवऱ्यापुरतीच केलेली, ती संपली होती. तिने पुढ्यात घेतली त्याने बाजूला सारलेली बासुंदी, मुलांनी टाकलेल्या गार पुऱ्या, तळाचा तुपाळ भात. लुगड्याच्या काठाखाली पायाच्या अंगठ्याला चिंधी होती. शिष्येने ती सोडली. अंगठा काळा पडला होता.

"कधीपासून?"

"झाले काही महिने. दुखत नाही, म्हणून बोलले नाही."

वैद्य हळू आवाजात म्हणाले, "पोरी, मी पथ्य एका माणसाला सांगितलं. पण अन्न टाकायचं नाही, ही या घरांची रीत. त्याने नाकारलेला एकेक घास हिच्या पानात आला. तो वाचला म्हणून मी खूश होतो. पथ्य चुलीपासून पाळायचं असतं, साऱ्या घराने."

"इतकी वर्षं घरोघर फिरून हे आज कळलं तुम्हाला?" शिष्या उसळली.

वैद्यांनी वाकून अंगठा तपासला.

"पाय वाचेल?" तिने हळूच विचारले.

"बहुधा नाही."

शिष्येने बाईला जवळ बसून समजावले. आजच पायाला उपचार सुरू करायचे. उद्यापासून तुम्हालाही भाकरी, डाळ, भाजी. गोड नाही, तळलेलं नाही. आणि सगळ्यांच्या पंगतीत, वेळेवर. बाईने सारे लक्ष देऊन ऐकले. मग तिने उघड्या पातेल्यांकडे पाहिले.

"ते सगळं खरं, बाई. पण मग उरेल ते कुणी खायचं?"

शिष्येने व्यापाऱ्याकडे पाहिले, मुलांकडे पाहिले. व्यापाऱ्याने दुसरा विडा उचलला, मुले अंगणाकडे वळली. बाईने बासुंदीची वाटी पुन्हा पुढे ओढली.