पाहुण्याचे पान

खाडीकाठच्या एका रानात, उंच बांधातल्या बिळात, एक उंदरीण आपल्या तीन पिल्लांना घेऊन राहत असे. पावसाळ्यात ते रान पाण्याखाली जाई, म्हणून उन्हाळाभर राबून तिने साळीचे कोठार भरले होते. गरीब होती, पण रीतभात मोठी कडक! पाहुण्याचे पान रिकामे दिसले की तिचा जीव वरखाली होई. पोट भरले की पाहुण्याने पानात चार दाणे ठेवायचे, हे त्या रानातले शेंबडे पोरही जाणत होते.

एके दिवशी पश्चिमेच्या थंड मुलखातला एक पांढरा हंस वाट चुकून तिच्या दारी उतरला. उंदरिणीने पळसाचे पान मांडून साळ वाढली. हंसाने पान चाटूनपुसून लख्ख केले. कारण मुलांनो, त्याच्या देशात पानात टाकणे म्हणजे यजमानिणीचा अपमान! रिकामे पान पाहून उंदरीण लगबगीने पुन्हा वाढी. "घ्या ना, लाजू नका," ती म्हणे. "जशी आपली इच्छा," असे म्हणून हंस डोळे मिटून गिळी. त्याच्या घशाशी आले होते आणि तिची नजर कोठाराच्या तळाकडे. तोंडे मात्र दोघांचीही हसरी!

थोरले पिल्लू कानाशी लागले, "आई, कोठारात आता शेवटची ओंजळ राहिलीय गं."

"गप बस! पाहुण्यासमोर असं बोलतात का?" असे दटावून तिने तीही ओंजळ वाढली. हंसाने तीही संपवली आणि जड अंगाने तो उडून गेला.

मग पाऊस लागला. बाहेर पाणी, आत उपास. धाकटी दोन पिल्ले आधी गेली. थोरले आईच्या कुशीत "भूक, भूक" करीत गेले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय खोटे?

पुढच्या वर्षी हंस आपला थवा घेऊन आला. "इथली कोठारं इतकी भरलेली, की पाहुण्याला कोंबल्याशिवाय यांना चैनच पडत नाही," तो सर्वांना सांगत होता. त्याने दारात हाक मारली, पुन्हा मारली. उंदरीण आतच बसून होती. पिल्ले गेल्यापासून तिने काही साठवलेच नव्हते. वाढायला दाणा नव्हता, म्हणून ती शरमेने बाहेर आली नाही.

"मोठी गर्विष्ठ जात दिसते," हंस म्हणाला आणि थवा घेऊन उडून गेला.

तात्पर्य : आपली रीत परक्याला ठाऊक असेलच असे धरून चालू नये. एका शब्दाने भागते तिथे जो मुकाट राहतो त्याचे घर बुडते, आणि बुडवणाऱ्याला त्याची खबरही नसते.