निर्व्यसनी जावई

"अहो वेणूमावशी, गांजा म्हणजे नुसता झाडपाला! पाल्याला काय भ्यायचं?" सरपंच हिलालआप्पा भर ग्रामसभेत माईकवरून माझ्यावर ओरडले. गांजाला सरकारनं मोकळीक द्यावी, असा ठराव त्यांनी आणला होता.

माझा लेक यशवंत पाच वर्षं गांजा ओढत होता. भिंती आपल्याशी बोलतात म्हणायचा. औषधांनी आत्ता कुठे सावरलाय. गावात गांजाचं दुकान उघडलं असतं, तर तो पुन्हा हातचा गेला असता.

"तुमचा लेक मुळातच डोक्यानं कच्चा," आप्पा म्हणाले. "धडधाकट माणसाला काही होत नाही."

"नक्की?"

"लिहून देतो!"

"मग द्याच." ग्रामसेवकानं ते वाक्य नोंदवलं आणि आप्पांनी खाली झोकात सही ठोकली.

मी शाळेची पायरी चढले नाही, पण लेकाच्या पुस्तकांवरून अक्षरं शिकले; हाती येईल तो कागद वाचते. पिशवीतून एक काढला. आप्पांनीच गावभर वाटलेला, त्यांच्या मुलीच्या लग्नाचा बायोडेटा. शेवटची ओळ मोठ्यानं वाचली : 'अपेक्षा – मुलगा निर्व्यसनी असावा.' मग पेन पुढे केलं आणि एकच वाक्य बोलले.

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आप्पांनी पेनाकडे पाहिलं, बायकांत बसलेल्या लेकीकडे पाहिलं, आणि ठराव घडी घालून खिशात ठेवला. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

मी म्हटलं होतं, "आप्पा, ही ओळ खोडून 'गांजा ओढणारा जावई चालेल' असं लिहा, की ठरावाला पहिला हात माझा!"