खाडीतली जात्यांची बाव

खारवणे गावच्या खाडीत, काठापासून शे-दीडशे पावलांवर एक विहीर आहे. गावात तिला बाव म्हणतात. दिवसातून दोनदा ती भरतीच्या पाण्याखाली जाते आणि ओहोटीला दोनदा वर येते. वर आली की चार कळशा उपसून टाकायच्या, पाचवी प्यायची. पाणी गोड आणि दाताला कळ लागेल इतके थंड. तिचा कठडा चिऱ्यांचा नाही. जात्यांच्या पाळ्या, पाटे, रगडे, एकमेकांत घट्ट बसवलेले. पाहुण्यांना होडीतून इथवर आणणारे झिलूतात्या आधी प्रत्येकाला ओंजळभर पाणी प्यायला लावतात आणि मगच तोंड उघडतात.

"ही बाव आमच्या गावातल्या सगळ्यात भित्र्या बायलमाणसान खणल्यान," ते म्हणतात, आणि म्हणताना त्यांची मान ताठ होते.

तिचे नाव आनशी. किती पिढ्यांपूर्वीची ते कुणी सांगत नाही. एका कुळवाड्याच्या घरची सून, पदरात चार महिन्यांची मुलगी. ती म्हणे इतकी भित्री की मूल झोपले की त्याच्या नाकाखाली बोट धरायची, श्वास लागला तरी खात्री नको म्हणून पुन्हा धरायची, आणि त्या धराधरीत मूल जागे व्हायचे. सासू कपाळाला हात लावायची. खाडीचे तर एवढे भय, की बायका ओहोटीला कालवे काढायला चिखलात उतरत तेव्हा ही काठावर बसून त्यांच्या टोपल्या राखत असे.

त्या वर्षी गावातल्या दोन्ही विहिरींना खार लागला. डोंगरापलीकडचे गाव शिमग्यापर्यंत पाणी देत होते, पुढे त्यांचेच आटले. वैशाख उजाडला तसे लोक खारट पाणी उकळून, त्यात कोकम पिळून पिऊ लागले. आनशीचे दूध कमी होत गेले. पोर रडायची, मग नुसती कण्हायची, मग तेही करीना. बाकीच्यांच्या घरी हे दहा दिवसांनी होणार होते, तिच्या घरी ते झाले होते.

गावाने गाव सोडायचे ठरवले. पण देवीला विचारल्याशिवाय कसे जाणार? वद्य नवमीला सगळे खाडजाईच्या देवळात जमले. तिथे कौल लावतात तो असा: पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या, गुरवाने प्रश्न विचारायचा, उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

आनशीही मागे पोर घेऊन उभी होती. तिचा प्रश्न एवढाच, की ही प्रवासात जगेल का. तो मोठ्याने विचारायची छाती नव्हती, म्हणून ती मनात म्हणाली, 'आई, तू सांगशील ते मी करीन.' म्हणाली आणि लगेच तिला वाटले, आपण हे जरा घाईनेच बोललो.

धाकू गुरवाने विचारले, "आई, गाव सोडू?" डावी पडली.

"मगे पाणी खंय? डोंगरात?" डावी. "मळ्यात?" डावी. "बनात?" डावी. विचारून विचारून गुरव वैतागला. म्हणाला, "मगे काय खाडयेत?"

उजवी पडली.

देवळात हशा पिकला. पुन्हा लावला, उजवी. "तुझ्या दारासमोर, सरळ?" प्रश्न पुरा व्हायच्या आत उजवी पडली. मग हसू थांबले, पण मानकरी बाबाजी पुढे आला. "फुलां जास्त ओली लागली," तो म्हणाला. "खाडयेत गोडा पाणी गावला तर मी समुद्रात ताकाचो डेरो लावतंय!" कळ्या पुसून कोरड्या केल्या. चौथ्या, पाचव्या, सहाव्या खेपेला उजवीच. सातव्या खेपेला एकही कळी पडेना. त्याचा अर्थ गावाने आपल्या सोयीचा घेतला: देवी काही बोलत नाही, तर निघावे. अमावास्येला होड्या भरायच्या.

आनशी घरी आली. पोरीच्या नाकाखाली बोट धरले. मग तिने एक करवंटी उचलली.

"खंय चललंस?" सासूने विचारले.

"खाडयेत. खणूक."

"पालीक बघून किंचाळतंस, आणि खाडी खणतलंस? तुका कोणी सांगल्यान?"

"देवीन."

"देवीन गावाक सांगल्यान. तू काय गाव?"

"गाव गेला नाय, आये. मगे कोणीतरी जावक व्हया मा?"

असे बोलली खरी, पण चिखलात पहिला पाय टाकताना ती रडत होती, असे सांगतात. दुसरा टाकतानाही. देवळाचे दार बरोबर पाठीशी धरून ती चालत राहिली. चिखल गुडघ्यापर्यंत आला, पायाखालून खेकडे निसटले, आणि पाणी जिथवर मागे हटले होते तिथल्या शेवटच्या वाळूच्या उंचवट्यावर ती खाली बसली. करवंटीने वाळू उपसली. खड्ड्यात पाणी आले, तिने चाखले, मीठ. पोर एकदा पिऊन होईल एवढाच वेळ मिळाला आणि भरती वळली. ती धावत काठावर आली. दुसऱ्या दिवशी खड्ड्याची खूणही नव्हती. तिने पुन्हा खणला. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

काठावर लोक होड्यांना डांबर लावत होते. "आनशे, समुद्र उपसून झालो काय?" कुणी ओरडायचे. ती खाली मान घालून खणत राही. आपण वेड्यासारखे करतो आहोत हे तिला त्या सगळ्यांपेक्षा जास्त पटले होते. पण अमावास्या जवळ येत गेली तशी ओहोटी रोज थोडी लांब जाऊ लागली, थोडी जास्त थांबू लागली, आणि खड्डा रोज वीतभर खोल जाऊ लागला. जी खाडी तिला भिववत होती तीच तिला वेळ देत होती.

अमावास्येला दिवस कलला तेव्हा भरलेल्या होड्या चिखलात टेकून भरतीची वाट बघत होत्या. आनशी खड्ड्यात कमरेपर्यंत उतरलेली. पोरीला कडेवर घेऊन सासू तिला ओढून न्यायला आली.

"चल. माणसा निघाली."

"आये, माका भय वाटता."

"मगे भायर ये!"

"भय वाटता, पण हात थांबत नाय."

त्याच वेळी करवंटी कातळावर आपटली. कातळाला फट होती. आनशीने फटीत बोटे घातली आणि झटकन मागे घेतली. उन्हाने तापलेल्या त्या खाऱ्या पाण्यात तिथे बर्फासारखे गार काही तरी वर ढकलत होते. तिने ओंजळ भरून चाखले. विश्वास बसेना. इतक्या दिवसांची तहान, जीभ काहीही सांगेल.

"आये, माझी जीभ खोटा सांगता काय बघ."

म्हातारी वाकली. एक ओंजळ प्याली. दुसरी प्याली. पाचवी प्याली. मग तिने पदराचे टोक त्या पाण्यात बुडवून नातीच्या ओठांना लावले. पोर चोखू लागली. तेव्हा म्हातारी काठाकडे वळली आणि जी ओरडली, ती म्हणे डोंगरापलीकडच्या गावाला ऐकू गेली.

भरती वळली होती. खड्डा बुजला असता तर पुढच्या उधाणापर्यंत तो कातळ पुन्हा सापडला नसता. चिरे आणायला वेळ नव्हता. पण होड्यांत बायकांनी आपापली जाती, पाटे घातले होते. सासरी पहिल्या दिवशी हात लावलेले जाते कोण मागे ठेवील? तीच जाती होड्यांतून उतरली. गळ्याएवढ्या पाण्यात हातोहात दगड देत गावाने कठडा रचला. शेवटचा रगडा बाबाजीच्या डोक्यावरून आला, आणि त्याला त्या दिवशी ताकाबद्दल कुणी काही विचारले नाही. दुसऱ्या दिवसापासून विचारले.

खारवणे गाव सुटले नाही. खाडजाईला इथे एका गोष्टीचा कौल एकदाच लावतात, दुसऱ्यांदा विचारत नाहीत.

आणि आजही वैशाख अमावास्येला दिवस कलला की गुरव देवळाच्या पायरीवर उभा राहून गावाला विचारतो, "कोणाक भय वाटता?" ज्या बाईचे मूल अंगावर पिते आहे तिने "माका" म्हणायचे आणि करवंटी घेऊन सगळ्यांच्या आधी चिखलात पाय टाकायचा. धीट बाईला हा मान नाही. गेल्या वर्षी सहाजणी एकदम "माका" म्हणाल्या. गुरवाने सहाहीजणींना पुढे पाठवले, आणि त्यांच्या मागून सगळा गाव उतरला.